सावकाशरावांची सायकल

सायकलीवरून जाणारा माणूस इतका हळू जाऊ शकतो आणि तरी पडत नाही, हे मी लातुरात पाहिलं. खोटं वाटत असेल तर गोलाईच्या बाजारपेठेतल्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारा. पायी चालणारी माणसं सावकाशरावांना मागं टाकून जायची. एकदा तर डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेली एक म्हातारी त्यांच्या पुढं गेली आणि वळून म्हणाली, "बाबा, चाकातली हवा गेली का रं?" ते लगेच उतरले, दोन्ही चाकं दाबून पाहिली, "न्हाई मावशी, हाय हवा," म्हणाले आणि पुन्हा त्याच चालीनं निघाले.

समोर सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे, माघारी सावकाशराव. हे नाव मी पाडलं असं कचेरीत बोललं जातं. मी कधी नाकारलं नाही. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ, त्याला मी काय करणार?

लातूरचा जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. जुन्या जिल्ह्याहून ट्रकभर कपाटं आली, खुर्च्या आल्या, आणि त्या खुर्च्यांवर बसणारी आम्ही माणसंही आलो. दिवाळी दोनदा आल्यासारखं सगळं गाव फुगून गेलं होतं. पण पाऊस मात्र पहिल्या वर्षी थोडा झाला आणि दुसऱ्या वर्षी तेवढाही झाला नाही. विहिरी आटल्या, गल्लोगल्ली टँकर फिरायला लागले. आमचा शिपाई रोज सकाळी टेबलं पुसता पुसता म्हणायचा, "जिल्हा आला आन् पाणी गेलं, बाई. हे तर बापाच्या लग्नात पोरगं हरवल्यावानी झालं." याचा अर्थ काय, हे त्याला विचारायची आमची छाती झाली नाही.

भाऊसाहेब माझ्याच गल्लीत, माझ्या घरापासून चार दारं सोडून भाड्यानं राहायचे. कचेरीत माझ्या पलीकडचं टेबल त्यांचं. उंच, किडमिडीत माणूस, शर्टाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. त्यांच्या सायकलीच्या मागं त्यांची चार वर्षांची मुलगी. सायकल बघायला माणसं थांबायची, अशी होती ती. लाकडी खुर्चीचे पाय कापून ती मागच्या कॅरियरवर नटबोल्टनं बसवलेली. चाकाच्या दोन्ही बाजूंना तेलाच्या डब्याचे पत्रे ठोकलेले, म्हणजे पोरीचा पाय तारांमध्ये जाऊ नये. बायकोच्या जुन्या लुगड्याचा पट्टा करून तिला खुर्चीशी तीन वेढ्यांनी बांधायचे आणि गाठ मागच्या बाजूला मारायचे, कारण पुढची गाठ ती सोडते. हँडलवर बायकांच्या हातातला असतो तसा लहानसा आरसा.

"भाऊसाहेब, भांग पाडता का ओ सायकलीवर?" मी विचारलं होतं.

"न्हाई ताई. ती झोपली का, ते दिसतंय त्याच्यात. झोपली की मान एका अंगाला जाती. मंग उतरून चालावं लागतंय."

आणि ते खरंच उतरायचे. पोरगी पेंगली की उतरायचे, उतार आला की उतरायचे, गोलाईत तर उतरायचेच. ट्रक समोरून आला तर रस्त्याच्या कडेला सायकल धरून असे उभे राहायचे, जसं कुणाचं मयत चाललंय. घंटी होती, पण ते वाजवायचे नाहीत. घंटीनं माणूस दचकतो आणि नेमका आडवा येतो, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी ते तोंडानं आवाज द्यायचे, "लेकरू हाय ओ! लेकरू हाय!" सुरुवातीला लोक हसायचे. मग रस्त्याला सवय झाली. केळीवाले गाडा मागं घ्यायचे, रिक्षावाले पाय जमिनीवर टेकवायचे. सकाळी ते आरोळी द्यायला लागले की पाण्याच्या रांगेतल्या बायका म्हणायच्या, "चला गं, साडेदहा वाजले."

आता तुम्ही म्हणाल, एवढं कशासाठी? गावात सगळेच पोरांना सायकलीवर नेत होते. एक पोरगं दांडीवर, एक कॅरियरवर, हँडलला दोन घागरी, आणि बाप एका हातानं बिडी ओढतोय. चाललंच होतं की सगळ्यांचं.

तर त्याचं कारण नांदेडात होतं. भाऊसाहेबांची बायको तिथं वसतिगृहात राहून डी.एड. करत होती. सोळाव्या वर्षी लग्न झालेलं, मॅट्रिक सासरी येऊन दिली, आणि पोर झाल्यावर हिनं शिकायचं म्हणून हट्ट धरला. भाऊसाहेबांनी होकार दिला. उदगीरला तिच्या वडलांना मात्र हे पटलं नाही. त्यांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडत होती. लिंगायत समाजात, बाजारात वजन असलेला माणूस, सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. इकडं भाऊसाहेबांना आई नाही, तिकडं अप्पांच्या घरी सासूबाई नाहीत. पोरीला सांभाळणारं बाईमाणूस दोन्हीकडं नव्हतं. अप्पा म्हणाले, "बाप्या माणसाच्या हातून लेकरू सांभाळणं होत न्हाई." बरीच वादावादी झाली. शेवटी त्यांनी एक शर्त घातली. पोरगी बापापाशी राहू दे, पण तिला नुसतं खरचटलं जरी, तरी त्या दिवशी नांदेडचं शिक्षण बंद. आईनं घरी यायचं.

हे सगळं मला तिनंच सांगितलं. महिन्यातून एखाद्या रविवारी ती यायची. एस.टी.तून उतरली की स्टँडवरच, चार लोकांत, पोरीचा फ्रॉक वर करून आधी गुडघे बघायची. मग कोपर. मग नवऱ्याकडं बघून हसायची. त्यांचं बोलणं एवढंच. मला त्या हसण्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू?

तेव्हापासून मी त्यांना हळूपणावरून कमी चिडवायला लागले. अगदी बंद केलं असं मात्र नाही.

दुष्काळात त्यांची खरी पंचाईत पाण्यानं केली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा एक हौद होता. टँकर आला की त्यात पाणी सोडायचा आणि मग आम्ही बादल्या घेऊन तुटून पडायचो. ते पाणी पुरलं नाही तर लांब एका मळ्यातल्या विहिरीवर जायचं. गल्लीतले पुरुष पोरांना शाळेत सोडता सोडता रिकाम्या घागरी न्यायचे आणि येताना भरून आणायचे. भाऊसाहेब मात्र पोरगी सायकलीवर असताना साधा तांब्या अडकवू द्यायचे नाहीत. पाण्याची फेरी वेगळी, पोरीची फेरी वेगळी. सकाळी उजाडायच्या आत घागरी लावून जायचे, येऊन घागरी उतरवायचे, सायकल कोरडी पुसायचे, मग खुर्ची बसवायची, मग पोरगी, मग तीन वेढे. शेजारच्या म्हातारबुवांनी विचारलं, "भाऊसाहेब, एका फेरीत दोन कामं कामून करत न्हाई?"

"पाणी हलतंय, बुवा. लेकरू बी हलतंय. दोघं मिळून हलले तर मी कुणाला धरू?"

एकदा आमच्या साहेबांनाच दया आली. परगावचे तरुण अधिकारी, माणूस चांगला. त्यांनी भाऊसाहेबांना रस्त्यात पाहिलं आणि जीप थांबवली. "बसा हो, पोरीला घेऊन बसा. सायकल मागं टाकू." भाऊसाहेबांनी जीपला एक फेरी मारली. आत वाकून बघितलं. ड्रायव्हरला विचारलं, "तुमी वळणावर ब्रेक लावता का वळण झाल्यावर?" ड्रायव्हर बिचारा साहेबांच्या तोंडाकडं बघत राहिला. मग भाऊसाहेब हात जोडून म्हणाले, "साहेब, लई मेहेरबानी. पर जीपला दार न्हाई."

साहेब कचेरीत येऊन हे सांगताना हसून हसून खोकायला लागले. दुसऱ्या दिवशी मात्र जीपच्या दोन्ही बाजूंना जाडजूड साखळी लावलेली दिसली.

पोरगी बापासारखी गंभीर. तिची बालवाडी कचेरीला लागूनच होती. दुपारी सुटली की ती येऊन माझ्या टेबलाशी पाटीवर रेघोट्या ओढत बसायची. तिला कुणी विचारलं, "तुझी आई कुठं गं?" तर म्हणायची, "आई शाळेत. तिला बाई व्हायचंय." गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, कपाळाला भस्माची फिकट रेघ. भाऊसाहेब तिला बाईसाहेब म्हणायचे आणि ती त्यांना अरे-तुरे करायची.

त्या वर्षी वेळअमावस्या आली. आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. त्या दिवशी गाव ओस पडतं. दुकानं बंद, कचेऱ्या रिकाम्या. ज्याचं शेत आहे तो शेतात, ज्याचं नाही तो दुसऱ्याच्या शेतात. कडब्याची खोप करायची, पूजा करायची आणि हिरव्या दाण्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे पोट फुटेस्तोवर खायचे. त्या वर्षी शेतात काडी उभी नव्हती. भज्जीसाठी लागणारा हरभरा नि तुरीच्या शेंगा लोकांनी बाजारातून विकत आणल्या आणि शेतात नेल्या! तरी गेले. मला वाटतं, दुसरीकडं कुठं असतं तर लोक घरी बसले असते.

माझ्या भावाचं शेत औसा रस्त्याला होतं. भाऊसाहेब नि पोरगी सायकलीवरून आमच्याबरोबर येणार होते. भाऊ बैलगाडी घेऊन येईल म्हणून मी आंबिलीचं मडकं घेऊन दारात उभी होते. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

टँकरवाल्यालाही शेतात जायचं असणार. तो नेहमीपेक्षा लवकर आला, हौदात पाइप टाकला, तोटी सोडली आणि हौद भरेपर्यंत चहा घेऊन येतो म्हणून गेला. चहा म्हणजे गप्पा आल्याच. मागं पाइप हौदातून निसटला, आणि पाणी थेट गल्लीत! माझ्या दारातून ते कोपऱ्यामुळं दिसत नव्हतं. गल्लीत कधी डांबर पडलंच नव्हतं, सगळी काळी माती. वर्षभर तिनं पाणी बघितलं नव्हतं, ती पिऊन तट्ट झाली.

भाऊसाहेब घरातून निघाले. पोरगी मागं बांधलेली, नवा फ्रॉक घातलेली. कोपरा जवळ येताच त्यांना ते पाणी दिसलं. आणि मी शपथेवर सांगते, त्या माणसानं सायकल पळवली. जोरात! अर्धा उभा राहून पायडल मारले त्यांनी. मी मडकं खाली ठेवून ओरडले, "भाऊसाहेब, अहो भाऊसाहेब!" तोवर ते कोपऱ्यावरून वळले आणि पुढचं चाक चिखलात सरकलं.

मी धावत गेले. भाऊसाहेब चिखलात कुशीवर पडलेले. डावा हात नि खांदा सायकलीखाली. पण सायकल पुरती आडवी झाली नव्हती. कॅरियर त्यांनी अंगावर झेललं होतं आणि खुर्ची जमिनीपासून वीतभर वर, तिरकी. पोरगी पट्ट्यात घट्ट बसलेली. रडतही नव्हती. भाऊसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. "ताई, आधी लेकरू घ्या," म्हणाले. मी गाठ सोडली. मेली ती गाठ लवकर सुटेना. पोरीला कडेवर घेतलं, तोटी बंद केली, मग त्यांना उठवलं. मनगट नि कोपर, दोन्ही ठिकाणी हाड मोडलं होतं.

आमची वेळअमावस्या सरकारी दवाखान्यात झाली. प्लास्टर ओलं होतं, भाऊसाहेब भिंतीला टेकून बसले होते. मी म्हटलं, "जाऊ द्या हो, पोरीला काय झालं नाही. देव पावला."

ते म्हणाले, "पाणी वाया चाललेलं बघवलं न्हाई ताई. ते चार पायडल मारले ना, तेवढ्यात मला लेकरू आठवलंच न्हाई. मागं ती हाय, हेच डोक्यात न्हवतं." आणि तो माणूस रडायला लागला. मी इकडंतिकडं बघत राहिले. पुरुष माणूस रडला की काय करावं, हे मला अजूनही कळत नाही.

घरी आल्यावर त्यांनी पोरीचे कपडे ट्रंकेत भरायला घेतले, एका हातानं. मी विचारलं, हे काय करायलाव?

"अप्पांना कळवायचं. ते ठरवतील. नांदेडला बी कळवायचं, तिला यावं लागंल."

"पोरीला खरचटलं का?"

"न्हाई."

"मग शर्त कुठं मोडली?"

"खरचटलं न्हाई हे नशीब, ताई. माझी करणी न्हाई. अप्पा म्हणाले व्हते तेच खरं झालं."

असा राग आला मला! म्हटलं, "तुमच्या खरेपणाला काडी लावा. तिकडं ती बाई सराव पाठ घेतेय. पाठ चालू असेपर्यंत त्यांना सुट्टी नाही, म्हणून ती या महिन्यात आलीसुद्धा नाही. हे कळलं तर फळ्यावरचा खडू टाकून एस.टी.त बसेल. मग पुन्हा कोण पाठवणार तिला?" ते फ्रॉकची घडी घालत होते, ती एका हातानं जमत नव्हती.

कळवायची गरजच पडली नाही. मोंढ्यातल्या माणसांकडून खबर उदगीरला पोचली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पा दारात. डोक्यावर पांढरा पटका, खांद्यावर उपरणं. "शरणार्थ" म्हणून नमस्कार झाला. मी मुद्दाम तिथं थांबले. मला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

अप्पांनी जावयाच्या हाताकडं पाहिलंही नाही. नातीला पुढ्यात घेतलं. गुडघे पाहिले, कोपर पाहिले, केस बाजूला करून डोकं पाहिलं, कानामागं पाहिलं. थेट लेकीसारखं. तेवढ्यात भाऊसाहेबच बोलले, "अप्पा, लागलं न्हाई तिला. पर चूक माझी हाय. तुमी म्हणाल तसं." मला वाटलं, उठावं आणि दुसरा हातही मोडावा यांचा.

अप्पांनी नातीला विचारलं, "बाळा, तू कशी पडलीस गं?"

पोरगी त्यांच्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "मी न्हाई पडले आज्जा. बाबा पडला."

"आन् तू?"

"मी खुर्चीत व्हते. बाबा खाली व्हता. हलू नको बाईसाहेब म्हणला. मी न्हाई हलले."

अप्पांनी उपरणं मांडीवर काढून ठेवलं, परत खांद्यावर घेतलं. मग पहिल्यांदा जावयाच्या प्लास्टरकडं पाहिलं.

"शाळेत कोण नेतंय आता?"

"मीच. तिला खुर्चीत बांधतो आन् सायकल ढकलत नेतो."

"एका हातानं?"

"हाव."

"साकु," अप्पा म्हणाले. उदगीरकडं पुरे झालं म्हणायचं असलं की असंच कानडीत म्हणतात. पण काय पुरे झालं? पोरीचं इथलं राहणं, का लेकीचं शिकणं, का नुसतं बोलणं? पाणी पिऊन ते बाजेवर आडवे झाले. मी घरी आले, पण जेवण काही गोड लागलं नाही.

सकाळी दार उघडलं तर सायकल गल्लीतून चाललेली. मधे पोरगी खुर्चीत, तीन वेढे घातलेली. हँडलच्या उजव्या बाजूला भाऊसाहेब. आणि डाव्या बाजूला अप्पा! धोतराचा सोगा वर खोचलेला. ज्या माणसानं जन्मात सायकलीला हात लावला नव्हता, त्यानं हँडल असं आवळून धरलं होतं, जशी काही सायकल पळूनच जाईल. पायडल दर फेरीला त्यांच्या नडगीवर बसत होतं.

"अप्पा, थोडं लांब चाला," भाऊसाहेब म्हणाले.

"तुमी तुमची बाजू बघा. हळू. हळू ओ! पळताव कशाला?"

भाऊसाहेबांना पळताव म्हणणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. मलाही कचेरीत जायचंच होतं, मी मागून चालले. पाण्याच्या रांगेतल्या बायका घागरी सोडून बघत होत्या.

गोलाईत उदगीरच्या ओळखीचा एक व्यापारी दुकानातून पळतच खाली आला. "शरणार्थ अप्पा! हे काय? जावयाचा हात मोडला म्हणं. आमच्या कानावर आलं. मी आजच मालाच्या गाडीबरोबर नांदेडला जायलोय. तुमच्या लेकीला सांगतो की, लगेच ये म्हणून. काय?"

भाऊसाहेबांनी मान खाली घातली.

अप्पांनी हँडल सोडलं नाही. आख्ख्या गोलाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खबरदार, तिथं एक शब्द बोललास तर! लेकीचे पाठ चालू हायेत माझ्या."